एकाच इंजिनाच्या दोन वह्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव भागात विहिरींवर वीज पोचण्याआधी डिझेल इंजिनं होती. इंजिन घेणारा शेतकरी अश्वशक्तीचं शेवटी विचारायचा. आधी विचारायचा, सुटे भाग पुसदला मिळतात की नागपूर गाठावं लागतं? मिस्त्री कोण? ऐन ओलिताच्या दिवसांत बंद पडलं तर किती दिवस थांबावं लागेल? लढाऊ विमानांच्या खरेदीचे साठ-पासष्ट वर्षांतले जे कागद आज कुणालाही वाचता येतात, म्हणजे लोकसभेतली निवेदनं, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पुढे छापलेला पत्रव्यवहार, महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि कंपन्यांची स्थापनापत्रं, ते एकापुढे एक मांडले की हेच तीन प्रश्न पुनःपुन्हा समोर येतात. उत्तरं देणारे मात्र दिल्लीत, मॉस्कोत आणि बीजिंगमध्ये बसलेले.

गोष्ट एका इंजिनाची आहे. नाव आर-११. सर्गेई तुमान्स्की यांच्या कार्यालयाचं हे इंजिन मिग-२१ साठी होतं. आत एकात एक घातलेले दोन दांडे, प्रत्येकावर कंप्रेसरच्या तीन पायऱ्या, म्हणजे एकूण अवघ्या सहा. मागे आफ्टरबर्नर. सुरुवातीच्या नमुन्याचा पूर्ण रेटा ५,७४० किलो. एवढ्या कमी भागांत एवढा रेटा मिळत होता, ही त्याची हुशारी. त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागे, कारण सोव्हिएत इंजिनं थोड्या तासांनी उतरवायची, उघडायची आणि पुन्हा बसवायची, याच हिशेबाने बांधलेली असत.

हे इंजिन दोन शेजाऱ्यांनी जवळपास एकाच वेळी निवडलं. चीनने मार्च १९६१ मध्ये मॉस्कोशी मिग-२१ आणि त्याचं इंजिन बांधण्याचा करार केला. भारताने ऑगस्ट १९६२ मध्ये बारा विमानं आणि बांधणीचा परवाना यांवर शिक्कामोर्तब केलं. मध्ये गेले सतरा महिने. आणखी दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, हेच दोन शेजारी एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

भारताच्या बाजूने सुरुवात विमानापासून झाली नव्हती. ती झाली इंजिनाच्या शोधातून, आणि त्या शोधाचं मूळ बंगळुरात आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक १९५६ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला आणि त्याने एच.एफ.-२४ मारुतचा आराखडा मांडला. त्या कारखान्यात आराखड्याचं काम आधीपासून चालू होतं. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे गटिंगेनला लुडविग प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट करून परतले होते. त्यांच्या चमूचं एच.टी.-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडालं. घाटग्यांच्या दोन प्रसिद्ध विमानांची इंजिनं पाहिली की पुढची सगळी अडचण तिथेच दिसते. एच.टी.-२ ला ब्रिटिश सिरस मेजर, आणि पुढच्या किरणला ब्रिटिश व्हायपर. सांगाडा आपला, हृदय विकतचं.

मारुतचं तेच झालं, पण मारुत स्वनातीत वेगासाठी आखलेलं होतं म्हणून ते जास्त जिव्हारी लागलं. टँकने आराखडा ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस बी.ओ.आर.-१२ या इंजिनाभोवती बेतला होता. आफ्टरबर्नरसह प्रत्येकी सुमारे ३,७०० किलो रेटा, आणि विमानात अशी दोन. ब्रिटनला स्वतःसाठी त्या इंजिनाची गरज उरली नाही, तेव्हा कंपनीने विकासाचा खर्च भारताकडे मागितला. दिल्लीने तो दिला नाही. मग बंगळुरात परवान्यावर बनणारं ऑर्फियस-७०३ बसवलं गेलं. रेटा प्रत्येकी २,२०० किलो. दोन्हींची बेरीज केली तर आखलेल्या ७,४०० किलोंच्या जागी ४,४०० किलो. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी मारुत पहिल्यांदा उडवलं. विमान देखणं होतं, हाताळायला उत्तम होतं, आणि ज्या वेगासाठी जन्माला घातलं तो वेग त्याला कधीच गाठता आला नाही. दास जानेवारी १९७० मध्ये वाढीव रेट्याच्या मारुतची चाचणी घेताना गेले.

त्या नकाराच्या वेळी दिल्लीत कुणी बेरीज-वजाबाकी केली असेल, तर ती खर्चाची होती, वेळेची नव्हती. तेव्हा वाचवलेले पैसे पुढे कितीतरी पटींनी बाहेर गेले, असं माझं मत आहे. अर्थात हे आज म्हणणं सोपं आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस परकीय चलनाची जी टंचाई होती, ती लक्षात घेता ‘नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही.

ब्रिटिश दार बंद झाल्यावर मारुतला सोव्हिएत इंजिन चालेल का, याची चाचपणी १९६१ मध्ये सुरू झाली. मिग-१९ चं आर.डी.-९एफ इंजिन विचारात आलं आणि मारुतपुरता तो प्रयत्न फसला. पण मॉस्कोचं दार किलकिलं झालं होतं. त्याच सुमारास पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाली, केवळ बारा, पण आवाजाच्या दुप्पट वेगाची. इंजिन शोधायला गेलेली माणसं परत आली ती अख्ख्या विमानाचा प्रस्ताव घेऊन.

१९६२ च्या मे ते ऑगस्टमधल्या अमेरिकी तारा वाचताना गंमत वाटते. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन मिग घेणार, या बातमीने वॉशिंग्टन अस्वस्थ आहे. राजदूत गॅल्ब्रेथ दिल्लीहून सबुरीचे सल्ले पाठवत आहेत. सिनेटमध्ये भारताची मदत कापायची भाषा चालू आहे. ब्रिटिश लाइटनिंग हे दोन एव्हॉन इंजिनांचं विमान भारताने घ्यावं आणि किमतीचा काही भार अमेरिकेने उचलावा, अशा योजना कागदावर येतात. ब्रिटिश मंत्री डंकन सँडिस जूनमध्ये दिल्लीत येऊन जातात. या सगळ्या धावपळीत पाश्चिमात्यांचा भर एकाच गोष्टीवर दिसतो, की मिग घेऊ नका. दिल्ली मात्र विचारत होती, इथे बांधायला देता का, आणि फेड रुपयांत चालेल का? मॉस्कोने दोन्हींना होकार दिला. मेनन डाव्या विचारांचे म्हणून मिग आलं, असं सोपं स्पष्टीकरण अनेक वर्षं चालत आलं आहे. तारखा आणि अटी नीट मांडल्या तर ते पुरेसं वाटत नाही. महागावचा शेतकरी ज्या क्रमाने प्रश्न विचारायचा, त्याच क्रमाने दिल्लीने विचारले होते.

आणि तरीही तीनच महिन्यांत त्या निवडीची कसोटी लागली. युद्ध सुरू झाल्यावर २५ ऑक्टोबरला ‘प्रावदा’चा अग्रलेख चीनच्या बाजूला झुकला. मिस्त्री परका असेल तर तो ऐन वेळी शेजाऱ्याच्या शेतावरही असू शकतो, हे त्या सकाळी कळलं असणार. १९ नोव्हेंबरला पंतप्रधान नेहरूंनी केनेडींना एका दिवसात दोन पत्रं पाठवली. ती आता उघड आहेत. त्यांत स्वनातीत लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागितल्या आहेत, आणि आपली माणसं तयार होईपर्यंत ती अमेरिकी वैमानिकांनीच चालवावीत असंही म्हटलं आहे. शिवाय बी-४७ बाँबफेकी विमानांच्या दोन स्क्वाड्रन. ऑगस्टमध्ये मिगवर सही करणारं सरकार नोव्हेंबरमध्ये हे लिहितं, यावरून एक गोष्ट साफ दिसते. परवाना म्हणजे कारखाना नव्हे, आणि कारखाना म्हणजे उद्या उडणारं विमान नव्हे.

पत्रांना उत्तर येण्याआधी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. मेनन आधीच पायउतार झाले होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला ही म्हण मराठीत रुजली. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १६ ऑगस्ट १९६३ रोजी मिग बांधण्यासाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. पुढच्या वर्षी नाशिकजवळ ओझरला विमानाचा कारखाना उभा राहू लागला. १ ऑक्टोबर १९६४ ला ही कंपनी आणि बंगळुरूची जुनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट एकत्र करून हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे आजची एच.ए.एल., झाली.

नाशिकमध्ये आजही सांगतात की बिनविरोध निवडून दिल्याची परतफेड म्हणून यशवंतरावांनी ओझरला मिग आणलं. तारखांचा क्रम या समजुतीच्या आड येत नाही. पण क्रम म्हणजे पुरावा नव्हे, आणि या कथेला अडचणीचा एक धागा आहे. परतफेडच करायची असती तर अख्खा कारखाना ओझरला आला असता. प्रत्यक्षात त्याचे तीन तुकडे झाले. सांगाडा ओझरला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि इंजिन ओडिशातल्या कोरापुटला. ओडिशाचे मुख्यमंत्री तेव्हा बिजू पटनाईक होते आणि महाराष्ट्राचे मारोतराव कन्नमवार. कन्नमवारांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. म्हणजे ओझरच्या माळावर पाया खणला जात होता, तेव्हा मंत्रालयात यवतमाळ जिल्ह्याचा माणूस बसलेला होता. महागावला या गोष्टीशी जोडणारा धागा एवढाच, तो जास्त ताणत नाही.

विभागणीचा परिणाम मात्र नीट पाहायला हवा. ओझरच्या माणसाने विमान बांधायचं आणि त्याचं इंजिन यायचं दूर कोरापुटच्या डोंगरातून. ओझरची वसाहत ‘ओझर मिग’ या नावाने वाढली. शाळा, बाजार, बसथांबा, सगळ्यांना मिगचं नाव लागलं. नाव विमानाचं मिळालं, पण विमानातली अवघड विद्या गरम भागात असते, टर्बाइनच्या पात्यांत, आणि ती विद्या तिथे नव्हती.

चव्हाणांना मात्र एकाच विक्रेत्यावर विसंबायचं नव्हतं, हे १९६४ च्या नोंदींतून स्पष्ट दिसतं. मे महिन्यात ते अमेरिकेत होते, एफ-१०४ मागत होते. २७ मे रोजी नेहरू गेल्याची बातमी त्यांना तिथेच मिळाली. स्टारफायटर नाकारली गेली. उन्हाळ्याच्या शेवटी ते मॉस्कोला गेले आणि सप्टेंबरमध्ये मिगचा विस्तारित करार झाला. कागदांवरून मला तरी असं वाटतं की रशियन विमानांवरचं आपलं पुढचं अवलंबन अमेरिकेच्या या नकारातून जास्त घडलं, मेननांच्या विचारसरणीतून कमी. (डिसेंबर १९७१ मध्ये कच्छच्या आखातावर मिग-२१ ने पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं, तेव्हा चव्हाणांच्या मनात काय आलं असेल, असा विचार येतो.)

ओझरमध्ये आधी सोव्हिएत किटांची जुळणी झाली. कच्च्या मालापासून बांधलेलं पहिलं मिग-२१ एफ.एल. हवाई दलाला ऑक्टोबर १९७० मध्ये मिळालं. पुढे एम आले, बिस आले. बिसचं आर-२५ इंजिन ७,१०० किलो रेट्याचं, आणि जमिनीलगत काही मिनिटांपुरता तो ९,९०० किलोपर्यंत चढे. कोरापुटने आर-११ नंतर आर-२५, मग मिग-२७ चं आर-२९, मिग-२९ चं आर.डी.-३३ अशी मालिकाच हाताळली. प्रत्येक वेळी नवा परवाना, नव्या चित्रांचे गठ्ठे, नवे साचे. चित्रं पूर्ण असत आणि शिकवणारे हजर असत. चुकलं तर विचारायला माणूस होता.

आता दुसरी वही उघडू. चीनने परवाना घेतला तेव्हा विचारायला माणूस उरला नव्हता. जुलै १९६० मध्येच सोव्हिएत तज्ज्ञ चीनमधून परत बोलावले गेले होते. १९६१ च्या करारानंतर कागद आले ते अपुरे. शेनयांगच्या अभियंत्यांना गहाळ भाग स्वतः काढून भरावे लागले. त्यांचं जे-७, म्हणजे चिनी मिग-२१, जानेवारी १९६६ मध्ये उडालं. इंजिनाला नाव दिलं डब्ल्यू.पी.-७. पण या गोष्टीतला खरा रस त्यापुढच्या पायरीत आहे. दोन इंजिनांच्या जे-८ साठी आर-११ चा रेटा वाढवायचा होता. रेटा वाढवायचा तर टर्बाइनच्या आधीचं तापमान वाढवायचं, आणि तापमान वाढलं की पातं वितळतं. उपाय म्हणजे पातं आतून पोकळ ओतून त्यातून हवा खेळवायची. १९६४ मध्ये हे काम धातुशास्त्रज्ञ शी चांगशू यांच्याकडे आलं. शेनयांगमध्ये त्यांच्या गटाने नऊ बारीक भोकांचं ओतीव पातं दोन-अडीच वर्षांत तयार केलं. बाहेरून बोटाएवढी गोष्ट. आत केसागत वाटा, त्याही शेवटपर्यंत सारख्या जाडीच्या भिंती राखून. जे-८ जुलै १९६९ मध्ये उडालं.

मास्तर निघून गेले तेच चीनच्या पथ्यावर पडलं, असा धडा इथून काढायचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण पुढची पानं उलट बोलतात. सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळात जे-७ आणि जे-८ वर्षानुवर्षं रखडली, आणि गुणवत्तेचा बोजवारा उडाला. डिसेंबर १९७५ मध्ये चीनने रोल्स-रॉइसकडून स्पे इंजिनाचा परवाना घेतला. ते बसवायचं विमान ठरलेलंच नव्हतं! शिआनमध्ये पहिली काही इंजिनं बनली, ब्रिटनमध्ये तपासून आली, आणि प्रकल्प थंडावला. त्या इंजिनाला साजेसं जे.एच.-७ उडालं ते १९८८ मध्ये, आणि स्पेची पूर्ण देशी आवृत्ती हाती यायला एकविसावं शतक उजाडलं. खरेदीतला असा वेडेपणा फक्त आपल्याकडेच होतो, असं समजणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

१९९० च्या दशकात दोन्ही वह्या पुन्हा एकाच इंजिनापाशी येतात. यावेळी सुखोई विमानांचं ए.एल.-३१. चीनने १९९६ मध्ये सुखोई-२७ बांधायचा परवाना घेतला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला भारताने सुखोई-३० चा पहिला करार केला आणि डिसेंबर २००० मध्ये १४० विमानं देशात बांधायचा. ती ओझरला बांधली जाणार होती, इंजिनं कोरापुटला. आता गंमत पाहा. भारताचं ए.एल.-३१एफ.पी. आलं उफाच्या कारखान्यातून, त्याचं नळकांडं वळवता येतं. चीनने आपल्या एकइंजिनी जे-१० साठी तेच इंजिन मॉस्कोच्या साल्यूत कारखान्याकडून घेतलं, ए.एल.-३१एफ.एन. या नावाने. फरक असा की मूळ इंजिनाच्या पाठीवर असलेली गिअरपेटी पोटाखाली आणायला लावली, कारण चेंगडूच्या विमानात वर जागा नव्हती. विमान आपलं असलं की विक्रेत्याला पेटी हलवायला सांगता येतं. आपण वळणारं नळकांडं मागितलं तेही कमी नव्हतं, पण ते सुखोईच्याच विमानासाठी.

चीन जे-१० साठी रशियन इंजिन घेत राहिला आणि बाजूला डब्ल्यू.एस.-१० वर काम करत राहिला. ते काम १९८० च्या दशकात सुरू झालं. जुळ्या इंजिनांच्या जे-११ मध्ये ते आधी वापरलं गेलं, कारण एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. एकइंजिनी जे-१० च्या नियमित उत्पादनात ते २०१० च्या दशकाच्या अखेरीसच दिसलं. सुमारे तीस वर्षं. भारताने कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये ३८२.८१ कोटी रुपये मंजूर केले, पुढे तो आकडा २,८३९ कोटींवर गेला, आणि २००८ मध्ये तेजस या देशी लढाऊ विमानापासून कावेरी वेगळं काढण्यात आलं. महालेखापरीक्षकांनी उशीर आणि वाढलेला खर्च दोन्ही खरमरीत शब्दांत नोंदवले. ते बरोबरच आहेत. पण शेजारची वही माहीत असेल तर एकोणीस वर्षांत इंजिन होईल ही अपेक्षाच मुळात भाबडी वाटते.

ओझरच्या सुखोईंनाही मिस्त्रीचा प्रश्न सुटला नाही. मार्च २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी इंजिन बिघाडांचा हिशेब मांडला. तपासलेल्या ६९ प्रकरणांपैकी ३३ मध्ये दोष बेअरिंगचा निघाला, तेलात धातूचे कण सापडले. गोव्याच्या या अभियंता मंत्र्याने बेअरिंगपर्यंत जाऊन बोलावं, हे त्या निवेदनाचं वेगळेपण. रशियन उत्पादकाने बदल सुचवले आणि इंजिनं पुन्हा उघडली गेली.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कोरापुटला २४० ए.एल.-३१एफ.पी. इंजिनांची मागणी नोंदवली. २६,००० कोटींहून जास्त, म्हणजे नग सुमारे १०८ कोटी, वर्षाला तीस, आठ वर्षं. देशी वाटा सरासरी ५४ टक्क्यांहून अधिक, आणि शेवटी शेवटी ६३ टक्क्यांपर्यंत न्यायचा. उरलेल्या टक्क्यांत काय येतं हे आकडा सांगत नाही. विमानांच्या बाबतीत टक्के मोजून फारसं हाती लागत नाही, कारण विहिरीवरच्या इंजिनाचा पत्रा, चाक, टाकी गावात झाली आणि नोझल बाहेरून आलं, तर शेत नोझलच्या भरवशावर राहतं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ ने निरोप घेतला. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथल्या नव्या मालिकेतलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. सांगाडा, पंख, रंग, सगळं ओझरचं. इंजिन एफ-४०४, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन गावी बांधलेलं. अशी ९९ इंजिनं २०२१ मध्ये मागवली होती, आणि त्यांतलं पहिलं हाती पडलं ते मार्च २०२५ मध्ये.